वाळूवरची सफर आणि तिचा जमाखर्च

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली की मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांचे पाय अलीकडे राजस्थानकडे वळू लागले आहेत. एके काळी सुटी म्हणजे मुलांचे आजोळ, तुळजापूर-पंढरपूरचे दर्शन किंवा फार तर महाबळेश्वर असा संकेत होता. आज लातूर, नांदेड, उदगीर आणि चाकूर येथील प्राध्यापक, डॉक्टर, अडत व्यापारी आणि सरकारी नोकर जैसलमेरजवळच्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवर उंटाच्या पाठीवर बसून सूर्यास्त पाहतात, चार जाड चाकांच्या मोटारसायकलीवरून त्याच टेकड्या चढतात-उतरतात, आणि रात्री तंबूच्या अंगणात मांगणियार गायकांची गाणी ऐकून झोपी जातात. ज्यांची ऐपत थोडी अधिक, ते हैदराबादहून विमानाने दुबई गाठतात आणि तेथील वाळवंटात हाच कार्यक्रम परकीय चलनात उरकतात. या बदलाबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. दुष्काळाच्या छायेत वाढलेल्या पिढीच्या हाती चार पैसे आले आणि तिला जग पाहावेसे वाटले, तर ते समृद्धीचेच लक्षण मानले पाहिजे. प्रश्न वेगळाच आहे. या सफरीवर खर्च होणारा पैसा कोणाकोणाच्या हातांत जातो, तिची खरी किंमत कोण मोजतो, आणि तिची नक्कल कोकणच्या किनाऱ्यापासून मराठवाड्याच्या माळरानापर्यंत होऊ लागली असताना त्या नकलेचा जमाखर्च कोणी मांडला आहे काय?

उंट हा मराठी माणसाला अगदीच परका प्राणी नव्हे. पेशवाईतील सांडणीस्वार आणि उंटाच्या पाठीवरच्या जंबुरका इतिहासाच्या वाचकांना परिचित आहेत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे आणि खेचरे यांच्याबरोबर उंटांचाही बाजार भरत आला आहे. खुद्द चाकूर येथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आणि १९६५ साली स्थापन झालेल्या या दलाचे उंटदळ १९७६ पासून दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात चालत आले आहे. राजस्थानच्या सीमेवर गस्त घालणाऱ्या जवानासाठी उंट हे करमणुकीचे नव्हे, कामाचे जनावर आहे. प्रवाशाच्या दृष्टीला मात्र त्याचे केवळ छायाचित्रापुरते रूप दिसते. या दोन दृष्टींमधील अंतरातच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे.

मुंबईने बुडविले, मुंबईकरांनी तारले

जैसलमेरचे वैभव उंटांच्या तांड्यांवर उभे होते. सिंध आणि त्यापलीकडील प्रदेशाशी चालणारा व्यापार या शहरातून जाई आणि त्या व्यापाराच्या जकातीवर तेथील हवेल्या उठल्या. पुढे मुंबई बंदर वाढले, आगगाडी आली, आणि खुष्कीचा मार्ग ओस पडत गेला. १९४७ च्या फाळणीने उरलासुरला मार्गही बंद झाला. १९६५ च्या युद्धानंतर लष्करी गरजेपोटी सीमाभागाकडे लक्ष गेले, रस्ते व रेल्वे आली, आणि १९७४ साली सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाने बंगाली प्रवाशांना या किल्ल्याची वाट दाखविली. ज्या मुंबईच्या उत्कर्षाने हे शहर मागे पडले, त्याच मुंबईचे आणि महाराष्ट्राचे प्रवासी आज तेथील तंबू भरून टाकीत आहेत. अर्थव्यवहाराचे चक्र असेच फिरत असते.

तथापि, शहर तरले म्हणून उंट तरला, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. १९८० च्या सुमारास देशात दहा लाखांहून अधिक उंट होते. २०१२ च्या पशुगणनेत ही संख्या सुमारे ४ लाखांवर आली आणि २०१९ च्या गणनेत ती अडीच लाखांवर घसरली. एकट्या राजस्थानात याच सात वर्षांत ती सव्वातीन लाखांवरून २ लाख १३ हजारांच्या आसपास उतरली. म्हणजे वाळवंटातील पर्यटन भरभराटीला येत असतानाच वाळवंटाचे जहाज बुडत होते. हा विरोधाभास नीट समजून घेतला पाहिजे.

त्याची काही कारणे उघड आहेत. ट्रॅक्टर आणि मालमोटार आल्यावर उंटगाडीचे काम संपले. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचले तेथे शेती वाढली आणि चराईची राने आक्रसली. पुढे कुंपणे आली, सौरऊर्जेचे प्रकल्प आले. परंतु एक कारण असे आहे की ज्याची चर्चा अर्थशास्त्राच्या वर्गात आवर्जून व्हावी. राजस्थान सरकारने २०१४ साली उंटाला राज्यपशूचा मान दिला, आणि २०१५ साली कायदा करून उंटाची कत्तल तर बंद केलीच, शिवाय परवानगीवाचून त्याला राज्याबाहेर नेण्यासही मनाई केली. हेतू निःसंशय चांगला होता. परिणाम उलटा झाला. बाहेरचे गिऱ्हाईक तुटले, नर उंटांचे भाव कोसळले, आणि रायका-रेबारी या पिढीजात पशुपालकांना कळप सांभाळणे परवडेनासे झाले. २०१६ मध्ये सरकारने उंटाच्या प्रत्येक नव्या पिलामागे १०,००० रुपयांचे अनुदान हप्त्यांनी देण्याची योजना आणली. एका हाताने बाजार बंद करायचा आणि दुसऱ्या हाताने भरपाई वाटायची, असा हा प्रकार. ज्या जनावराला बाजारात किंमत नाही त्याला केवळ मानाची पदवी देऊन वाचविता येत नाही. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण येथे शेळ्यांऐवजी उंटांनाच लागू पडावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

सफरीच्या धंद्याने हा तोटा भरून काढला असता, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. पण धंद्याची घडणच तशी नाही. प्रवाशांना फिरविण्यासाठी प्रामुख्याने नर उंट लागतो. तो एकदा विकत घेतला की अनेक वर्षे चालतो. माद्यांचे कळप सांभाळणारा, तेरा महिन्यांचे गाभणपण आणि दोन वर्षांतून एक वेत हा संथ हिशेब सोसणारा पशुपालक वेगळा. आणि तंबूंचा मालक वेगळा. त्या दोघांची गाठ एका विक्रीपुरती पडते. पर्यटकाने मोजलेल्या रकमेतून प्रवासी कंपनी, दलाल, गाडीवाला आणि तंबूमालक यांचे वाटे निघाल्यावर उंटाची दोरी हाती धरून वाळूतून पायी चालणाऱ्या माणसापर्यंत उरते ते थोडे. आणि ज्याच्या कळपातून तो उंट आला त्याच्यापर्यंत दरवर्षी पोहोचावे असे काहीच उरत नाही.

याच्या उलट उदाहरण कच्छचे आहे. तेथे उंटिणीच्या दुधाला बाजार मिळवून देण्याचा प्रयत्न झाला. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या दुधाची मानके ठरविली आणि २०१९ मध्ये ‘अमूल’ने ते बाटलीबंद करून विक्रीस आणले. दूध रोज विकले जाते, मादीचे विकले जाते, आणि त्याचा पैसा पशुपालकाच्याच हाती पडतो. उंटाला वाचवावयाचे तर त्याच्या पाठीपेक्षा त्याच्या कासेकडे पाहिले पाहिजे, हा कच्छचा धडा आहे.

यंत्राचे आक्रमण

उंटाच्या शेजारी आता क्वाड बाईक उभी राहिली आहे. लोकांच्या तोंडी तिचे नाव एटीव्ही. धंद्याच्या दृष्टीने तिचे आकर्षण उघड आहे. उंटाला बारा महिने चारा लागतो, आणि वाळवंटातला हंगाम ऑक्टोबर ते मार्च एवढाच. यंत्राला फिरते तेव्हाच पेट्रोल लागते. बाकीचे दिवस ते ताडपत्रीखाली उभे राहते. २०२० च्या टाळेबंदीत हा भेद प्रकर्षाने जाणवला. गाड्या मुकाट उभ्या राहिल्या. उंटांची भूक मात्र थांबली नाही. तेव्हा मालकाचा कल यंत्राकडे झुकला तर त्याला दोष देता येणार नाही. पण यंत्राचा प्रसार हा निव्वळ खासगी नफ्या-तोट्याचा विषय नाही. कारण त्याच्या खर्चाचा एक भाग मालकाच्या वहीत कधीच उतरत नाही.

तो खर्च पहिल्याने जमिनीवर पडतो. वाळूची टेकडी वरून निर्जीव दिसली तरी तिच्यावरील विरळ गवत-झुडपांनी ती धरून ठेवलेली असते. सम हे ठिकाण ज्या ‘डेझर्ट नॅशनल पार्क’च्या लगत आहे, तेथे माळढोक पक्ष्याची देशातील शेवटची लक्षणीय वस्ती उरली आहे. याच माळढोकासाठी महाराष्ट्राने १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नज येथे अभयारण्य केले. आज तेथे हा पक्षी दिसणे दुरापास्त झाले आहे. गोंगाट आणि वर्दळ यांचा त्याला किती तिटकारा आहे, हे महाराष्ट्राला तरी कोणी सांगावयास नको. वाळवंटी करमणुकीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या दुबईनेसुद्धा २००३ पासून सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा पट्टा राखीव केला आणि त्यात सफरीच्या गाड्यांना मोजक्या परवान्यांची मर्यादा घातली. धंदा टिकवायचा तर त्याचे क्षेत्र आखावे लागते, हे पैशाच्या भाषेत बोलणाऱ्या त्या शहराला उमगले.

दुसरा खर्च माणसाच्या हाडामांसावर पडतो. या गाडीचा गुरुत्वमध्य उंच आणि चाकांमधील अंतर कमी असते. उतारावर ती उलटली की स्वाराच्या अंगावरच येते. अमेरिकेत अशा अपघातांची संख्या वाढल्यावर १९८८ मध्ये कारखानदारांना तीनचाकी नमुन्यांची विक्री थांबवावी लागली आणि पूर्ण क्षमतेची गाडी १६ वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये असा इशारा द्यावा लागला. महाराष्ट्रातील कोणत्याही गर्दीच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी नजर टाकावी. शिरस्त्राणावाचून, एका गाडीवर बापापुढे मूल आणि मागे आई अशी मिरवणूक सर्रास दिसते. तेथेच सागरी कासवांच्या विणीचा हंगाम आणि प्रवाशांचा हंगाम यांची गाठ पडते. ज्या वाळूत अंडी पुरलेली, तिच्यावरून चाके फिरतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने २००२ पासून कासवांच्या संरक्षणातूनच प्रवासी आणले आणि घराघरांत जेवणावळीचे व मुक्कामाचे उत्पन्न मिळविले. किनारा एकच, त्यावरून कमावण्याच्या रीती दोन.

कायद्याची पळवाट येथेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येतून केवळ बंदिस्त आवारात वापरावयाची विशेष वाहने वगळलेली आहेत, आणि त्रयस्थ विम्याची सक्ती आहे ती सार्वजनिक जागी चालणाऱ्या वाहनाला. गाडी खासगी आवारातली म्हणून दाखवायची, नोंदणी आणि विमा टाळायचा, आणि ती चालवायची मात्र किनाऱ्यावर किंवा माळावर. अपघात झाला की आधी कोरा सही केलेला कागद पुढे केला जातो. त्या कागदाने मालकाची जबाबदारी संपत नाही, ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, हे खरे; परंतु परगावी हाड मोडून बसलेल्या प्रवाशाला ही वाट किती लांबची आहे, ते सांगण्याची गरज नाही.

नियम अगदीच नाहीत असेही नव्हे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सहकार्याने २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत एटीव्ही आणि उंटसफर या दोहोंना स्थान आहे. महाराष्ट्र शासनाने २०१४ व २०१८ च्या आदेशांनंतर २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आखले आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक केली. उंटाच्या बाबतीत तर १९६५ च्याच नियमांनी २५० किलोंपेक्षा अधिक ओझे लादण्यास, दिवसात नऊ तासांहून अधिक राबविण्यास आणि पारा ३७ अंशांपुढे गेला असता दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला जुंपण्यास मनाई केली आहे. कागदावर उणीव फारशी नाही. उणीव आहे ती तालुक्याच्या पातळीवर हे कागद हाती घेऊन जागेवर जाणाऱ्या माणसाची.

नकलेचा हिशेब

आता चाकूरसारख्या तालुक्याकडे वळू. सोयाबीन आणि तूर यांच्या भावावर ज्याचे वर्ष ठरते, ज्याच्या जिल्ह्याने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी मागविले, अशा भागातील तरुणाला शेतीबाहेरच्या उत्पन्नाचा कोणताही मार्ग मोहक वाटणारच. महामार्गालगत दोन-चार एकर मुरमाड जमीन, दोन एटीव्ही, एखादा उंट, झोपाळे आणि खानावळ एवढ्या भांडवलावर ‘कृषी पर्यटन’ उभे राहील, असे स्वप्न अनेकांच्या डोळ्यांपुढे तरळते. स्वप्नाला हिशेबाची कसोटी लावून पाहणे हे शहाणपणाचे ठरेल.

समजा, एक गाडी ४ लाख रुपयांना पडली आणि ती पाच वर्षे टिकली. घसाऱ्यापोटी वर्षाला ८०,००० रुपये आणि बारा टक्के दराने पहिल्या वर्षीचे व्याज ४८,००० रुपये, असा १ लाख २८ हजारांचा बोजा गाडी जागची न हलताही पडतो. पावसाळ्याचा चिखल आणि एप्रिल-मेचे ऊन वगळता रविवार आणि सुट्या मिळून धंद्याचे दिवस धरले साठ. म्हणजे दर दिवशी सुमारे २,१३० रुपये केवळ भांडवलाचे निघाले पाहिजेत. एका फेरीचे ३०० रुपये घेतले आणि इंधन, दुरुस्ती, नोकराची मजुरी यांत १०० गेले, तर उरले २००. तेव्हा रोज दहा-अकरा फेऱ्या झाल्या तरच मालकाची मुद्दल आणि व्याज सुटते. त्याच्या स्वतःच्या कष्टांचा पैसा त्यानंतरचा. एका तालुक्यात असे एक ठिकाण कदाचित चालेल. शेजाऱ्याने त्याचे पाहून दुसरे काढले आणि तिसऱ्याने तिसरे, की फेरीचा दर उतरू लागेल. दर उतरला की काटछाट सुरू होते आणि ती नेमकी गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या बाबींत होते: विमा, शिरस्त्राण, ब्रेकची दुरुस्ती, शिकाऊ स्वाराबरोबर धावणारा माणूस. स्पर्धेचा पहिला बळी सुरक्षितता ठरते.

उंटाची अवस्था याहून बिकट. साठ दिवस कमावून त्याने तीनशे पासष्ट दिवस खायचे आहे. त्याचा मऊ तळवा वाळूसाठी घडलेला, आणि येथे त्याला खडीवर, डांबरावर चालायचे आहे. दमट हवेत चावऱ्या माश्यांपासून होणारा सर्रा हा रोग उंटाचा मोठा शत्रू; तो ओळखणारा पशुवैद्य उंटांच्या मुलुखाबाहेर सहजासहजी भेटत नाही. शिवाय उंट आणायचा कोठून, हाही प्रश्न आहेच. २०२२ च्या आरंभी अमरावती जिल्ह्यात ५८ उंटांचा कळप कत्तलीच्या संशयावरून अडविला गेला, कच्छच्या रबारी पशुपालकांना अटक झाली, आणि अखेर न्यायालयाच्या आदेशाने उंट त्यांना परत मिळाले. २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातून पायी नेले जाणारे शंभरावर उंट ताब्यात घेऊन राजस्थानकडे परत धाडावे लागले, आणि त्या धावपळीत काही जनावरे दगावली. पशुपालकाचा परंपरागत संचार कोणता आणि चोरटी वाहतूक कोणती, हे ओळखण्याची यंत्रणा दोन्ही राज्यांत नसल्याने निरपराध माणूस तुरुंगात जातो आणि मुके जनावर रस्त्यावर मरते.

आणखी एक बाजू आहे. असल्या खेळासाठी खासगी जमीन पुरेनाशी झाली की नजर जाते ती गायरानाकडे आणि डोंगरउतारांकडे. मुरमाचा उतार चाकांनी एकदा फाटला की पहिल्या वळवाबरोबर त्याची माती ओढ्यात जाते. शेळ्या-मेंढ्या राखून पोट भरणाऱ्या भूमिहीनाला मात्र त्या गायरानाला दुसरा पर्याय नसतो. एकाची रविवारची करमणूक दुसऱ्याच्या रोजच्या चराईतून वजा होत असेल, तर त्या व्यवहाराला विकास म्हणणे कठीण आहे.

याचा अर्थ चाकूरने पर्यटनाचे नावच काढू नये असा नाही. तालुक्यातच वडवळ नागनाथचे संजीवनी बेट आहे. तेथील औषधी वनस्पतींसाठी लोक दुरून येतात. उदगीरचा किल्ला, देवर्जनजवळचे हत्तीबेट, औसा तालुक्यातील खरोसा लेणी आणि माळेगावची यात्रा ही सगळी ठिकाणे एका-दोन दिवसांच्या फेरीत बसणारी आहेत. वनस्पती ओळखून सांगणारा जाणता माणूस, किल्ल्याची हकीकत नीट सांगणारा तरुण, स्वच्छ मुक्काम आणि ज्वारीची भाकरी यांना लागणारे भांडवल थोडे, आणि त्यातून मिळणारा पैसा गावातच फिरणारा. यंत्राचा पैसा कारखान्याकडे, इंधनाकडे आणि बँकेच्या व्याजाकडे गळून जातो. माहितगार माणसाच्या मजुरीचा पैसा त्याच्या वाण्याकडे आणि शिंप्याकडे जातो. दुष्काळी प्रदेशात पाण्याप्रमाणे पैसाही अडवावा आणि जिरवावा लागतो.

जे राजस्थानात जातात त्यांनी जरूर जावे. मात्र एकरकमी सौद्यात उंटाची फेरी ‘फुकट’ मिळाली म्हणून हरखून जाण्याऐवजी उंटवाल्याला काय मिळते, एवढी चौकशी करावी. भर उन्हात आणि दोन धट्ट्याकट्ट्यांना एका पाठीवर बसविण्याचा आग्रह धरू नये. आणि शिरस्त्राण व विमा यांवाचून मुलाला क्वाड बाईकवर चढवू नये. शासनाने करावयाचे काम याहून मोठे आहे. राजस्थानने २०१५ च्या कायद्यातील कत्तलबंदी कायम ठेवून जिवंत जनावराच्या विक्रीचा आणि संचाराचा मार्ग दाखल्यांच्या आधारे मोकळा करावा, आणि दुधाच्या बाजाराला अनुदानापेक्षा अधिक बळ द्यावे. महाराष्ट्राने आपल्या २०२१ च्या धोरणातील नोंदणीची खातरजमा तहसील पातळीवर हंगामापूर्वी करावी, आणि विम्यावाचून एकही एटीव्ही भाड्याने फिरू देऊ नये. मग ती किनाऱ्यावर असो वा शेतातल्या आवारात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उष्ट्रवर्गीय प्राण्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. वर्ष उलटले, समारंभ झाले. अडीच लाखांवर आलेला आकडा पुढील गणनांत आणखी खाली गेला, तर वाळवंटात तंबू राहतील, दिवे राहतील, गाड्यांची घरघर राहील, आणि छायाचित्रापुरता एखादा सजविलेला उंटही राहील. कळप मात्र राहणार नाहीत, आणि ते जोपासण्याची विद्या जाणणारी रायका-रबारींची पुढली पिढी रोजगारासाठी शहरांच्या नाक्यांवर उभी असेल. करमणुकीला किंमत पडते. ती ज्याने करमणूक घेतली त्यानेच मोजावी, एवढी साधी व्यवस्था शासनाला आणि समाजाला अजून लावता आलेली नाही.